पानातून बघणारी एडना

मित्रांनो, माझ्या पाठीवरून हात फिरवणार असाल तर हळू फिरवा. लांबून मी सपाट दिसतो, पण बोट टेकवलंत की खाचा लागतात, आणि काही माणसं मग हात झटकन मागे घेतात. मी न्यूयॉर्कमधला एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. माझ्या कोपऱ्यांवर सिगारेटचे चटके आहेत, कॉफीच्या कपांचे गोल डाग आहेत, ती सगळी माझ्या धन्याची मेहरबानी. सुपरहिरोच्या चित्रकथा माझ्यावर काढल्या जायच्या. पोरांची करमणूक, दुसरं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो.

मला घडवणाऱ्या सुताराने काटकसर केली आणि मऊ पाइनचं लाकूड वापरलं. त्यामुळे कागदावर पेन्सिल जोरात दाबली की तिची रेघ खाली माझ्यावरही उमटायची. आणि माझा धनी मॉर्टी ग्लासमन पेन्सिल दाबूनच चालवायचा. ब्राँक्समधल्या गरीब ज्यू घरातला हा पोरगा माझ्यापुढे येऊन बसला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. लेखक सॉल विनिक त्याच्याहून थोडा मोठा. दोघांनी मिळून ग्रॅनाइट जॅकला जन्म दिला. जॅक म्हणजे बंदरावर दगड उतरवणारा हमाल, एका अपघातात ज्याची कातडीच दगडाची झाली. तो संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहायचा आणि मालकांच्या गुंडांना उचलून समुद्रात फेकायचा. त्याला हाक मारणारी होती एडना क्विल. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसायची, शहरभरची रडारड ऐकायची आणि जॅकला कळवायची.

एडनाचा चेहरा मॉर्टीच्या थोरल्या बहिणीचा, टिलीचा. टिली खरोखरच टेलिफोन ऑपरेटर होती. एकदा ती ऑफिसात आली आणि माझ्यावरचं पान बघत राहिली.

"नाकाचं काय केलंस हे? ह्यावर टोपी अडकवता येईल."

"आहे तेवढंच काढलंय," मॉर्टी म्हणाला.

"मग निदान हुशार तरी दाखव मला. नुसती हॅलो हॅलो करायला बसवू नकोस."

त्याच हिवाळ्यात टिलीला न्यूमोनिया झाला. मॉर्टी माझ्यावर वाकून अंकाची शेवटची पानं संपवत होता. तो घरी पोचला तोवर आरशांवर चादरी टाकलेल्या होत्या. शेजारणींनी टिलीचे डोळे मिटून तोंड झाकलं होतं. ज्यूंच्या घरी कुणी गेलं की आरसे झाकतात, गेलेल्या माणसाचं तोंड बघत बसत नाहीत, आणि दफनही लगेच करतात. त्यामुळे मिटल्या डोळ्यांची टिली मॉर्टीने कधी पाहिलीच नाही. फोटोंची ट्रंक आधीच घर बदलताना गहाळ झाली होती. आता टिलीचं जगात उरलेलं चित्र म्हणजे एडनाच.

नवा अंक निघाला की मॉर्टीची आई जिना चढून यायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. जॅक कुणाला बडवतोय ह्याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. ती पानं उलटून एडनाला शोधायची, तिचा गाल बोटाने पुसायची आणि म्हणायची, "बारीक झालीय." पुढे जॅकची मालिका रेडिओवर सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने रेडिओ बंद केला.

"माझ्या मुलीच्या तोंडून ही कोण बाई बोलतेय?" तिने विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता. आमच्या ऑफिसची रीतच अशी होती. लेखक गोष्ट तोंडी सांगून जायचा, मॉर्टी आधी सगळी चित्रं काढायचा. माणसांच्या डोक्यांवर बोलण्याचे फुगे तो कोरे सोडायचा, आणि त्यांत शब्द लेखक मागाहून भरायचा. मधले दिवस माझ्या अंगावर ती माणसं तशीच पडून असायची. तोंडं उघडलेली, हात उगारलेले, आणि आवाज नाही. कुणाच्या तोंडी काय येणार ते त्यांचं त्यांनाही माहीत नसायचं. मला फार कसंतरी व्हायचं तेव्हा.

सॉल ऑफिस सोडून गेला आणि एकामागून एक लेखक आले. दुसरं महायुद्ध संपल्यावर आलेल्याने जॅकला मालकाच्या शेजारी नेऊन बसवलं. आता तो संपकऱ्यांमध्ये परदेशी हेर शोधू लागला, आणि एडना भुंगा दिसला तरी घेरी येऊन पडू लागली. त्यानंतर आलेल्या एका बाईने जॅकला पश्चात्ताप करायला लावला आणि एडनाच्या हातात मोर्चाचा फलक दिला. टीव्हीवाल्यांनी तर एडनाला पोलिसांची मोठी साहेब करून टाकली, आणि पाठोपाठ अंकातही तीच आली. ज्याच्या त्याच्या मनात जे खदखदत होतं ते त्याने जॅकच्या तोंडी घातलं. मॉर्टी निमूटपणे काढत गेला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच हातात राहिली नाही. एडनाने खाली बघायचं असो की घेरी येऊन पडायचं असो, मॉर्टीची पेन्सिल तिच्या डोळ्यांपाशी आली की माझ्यावरच्या जुन्या खाचेत घसरायची. डोळे उघडेच उमटायचे, आणि ते गोष्टीतल्या कुणाकडे बघत नसत. ते पानाबाहेर बघत.

"ही माझ्याकडे का बघतेय, मॉर्टी?" मॉर्टीच्या पेन्सिलीवर शाई फिरवणारी कॉनी बार्बिएरी एकदा म्हणाली. "मी खिडकीशी गेले तरी बघते."

"तुझं काम बघत असेल. मागच्या अंकात तिचा कान वाकडा केला होतास."

कॉनी हसली. पण त्यानंतर जेवायला जाताना ती पानावर फडकं टाकून जाऊ लागली.

मॉर्टीचे केस पिकले तेव्हा मिनेसोटाहून ड्वाइट लंडक्विस्ट नावाचा नवा लेखक आला. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी एडनाची चित्रं कापून वहीत चिकटवली होती, असं तो स्वतः सांगायचा. त्यानेच एका सकाळी राय ब्रेडचं सँडविच खाता खाता नवी गोष्ट सांगितली.

"जॅकला एक जखम हवीय, मॉर्टी. एडना मरते. मग जॅक कायदा गुंडाळून ठेवतो आणि एकेकाची हाडं मोडत सुटतो. लोकांना हल्ली असाच हिरो हवाय."

मॉर्टीने पेन्सिल खाली ठेवली. "ह्या जॅकने माझ्या हातून संप केलाय आणि संप मोडलाय. झेंड्याला सलाम ठोकलाय आणि झेंड्याकडे पाठही केलीय. मी कधी तक्रार केली? उद्या त्याला महापौर कर हवं तर. पण हिला हात लावू नकोस."

"अहो, आपल्या धंद्यात मेलेलं कुणी मेलेलं राहतं का? उद्या कुणीतरी उठवेलच तिला."

"आमच्या घरी राहिलीय."

ड्वाइटचा घास हातातच राहिला. मॉर्टीने त्याला टिलीचं सगळं सांगितलं, आणि त्याचं तोंड उतरलं. पण एडना मरणार अशी अंकाची जाहिरात झालेली होती. "तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घेतो," तो हळूच म्हणाला.

"नको. जायचीच असेल तर माझ्या हातून जाईल."

त्या दुपारी बाहेर बर्फ पडलेला होता आणि खोलीत पांढरा उजेड भरला होता. शेवटचं चित्र राहिलं होतं. एक्स्चेंजच्या टेबलावर हाताची उशी करून पडलेली एडना, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, आणि दारात जॅक. मॉर्टीने पापणीची रेघ ओढली. डोळा उघडा उमटला. त्याने खोडलं, पुन्हा ओढली, पुन्हा उघडा. शेवटी त्याने कागद सरकवला आणि माझ्या डाव्या कोपऱ्यावर आणला. तिथे कधीच कुणी काही काढलं नव्हतं, त्या कोपऱ्यावर एकही खाच नव्हती. तरी डोळे उघडे.

मित्रांनो, तोवर मी सगळा दोष माझ्या मऊ लाकडाला देत आलो होतो. त्या क्षणी मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"उठ मॉर्टी, घरी जा," कॉनी म्हणाली. "मला नाही बघवत हे."

मॉर्टी उठला नाही. तो इतका वाकला की त्याचा श्वास मला लागला. मग घरात आईशी बोलायचा त्या भाषेत तो म्हणाला, "टिली, मी आलोय. उशीर झाला, पण आलोय. मीट आता." आणि पेन्सिल अलगद पुढे गेली. डोळे मिटले. कॉनीने फडकं उचललं, पण पानावर टाकलं नाही, नुसतंच हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी ड्वाइट शब्द भरायला माझ्यापुढे बसला. जॅकच्या डोक्यावर एकच मोठा कोरा फुगा होता, आणि त्यात किंकाळी लिहायची ठरलेली होती. काही केल्या त्याचा हात चालेना. चाळा म्हणून त्याने एक पातळ कागद माझ्यावर ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासत बसला. सपाट लाकडावरचं काळं आणि खाचांमधलं पांढरं, असा आधी एक डोळा वर आला. मग दुसरा. मग चेहरेच चेहरे, एकात एक मिसळलेले. घेरी आलेली एडना, फलकवाली एडना, पोलिसांची साहेब एडना, सगळ्या जणी त्याच्याकडेच बघत होत्या. तरी त्याने डाव्या कोपऱ्यापर्यंत घासत नेलं, आणि तिथे ती एकटी होती. आदल्या दिवशी तिथेच उमटलेले उघडे डोळे कुठे गेले, मलाही कळलं नाही, तिचे डोळे मिटलेले होते. मेलेली मुळीच वाटत नव्हती ती, दमलेली वाटत होती.

ड्वाइटने तो पातळ कागद बाजूला ठेवला. मग त्याने फुग्यात लिहिलं, "शू. आवाज करू नका. रात्रपाळी करून परत दिवसपाळीला बसली होती. झोपू द्या तिला."

कॉनीने खांद्यावरून वाचलं. "संपादकसाहेब तुला फाडून खातील."

"खाऊ देत."

चित्रात एक रेघही बदलली नव्हती. तरी तिच्या अंगावरून मरण निघून गेलं. संध्याकाळी मॉर्टी आला, चष्मा लावून त्याने फुगा वाचला, आणि परत वाचला. मग त्याने माझ्या डाव्या कोपऱ्यावर तळवा ठेवला आणि हमसून हमसून रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. कॉनीने मुकाट्याने त्याच्यासाठी कॉफी ओतली.

आता कुणी माझ्यावर चित्रं काढत नाही. काचेच्या पडद्यावर काढतात, तिथे खाचा पडत नाहीत. मी एका गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. परवा इथे आलेली माणसं बोलत होती की जॅकवर मोठा सिनेमा निघतोय, आणि त्यात एडनाला सुरुवातीलाच मारणार आहेत. लिहिणाऱ्याला टिलीचं काय माहीत? तो जॅकला डावीकडे नेईल, उजवीकडे नेईल, खुशाल नेऊ दे. जॅक दगडाचा आहे, सोसेल.

पण मॉर्टी गेला. आई तर कधीच गेली. कॉनी गेली, आणि ड्वाइट म्हातारा झाला होता, तोही गेल्या वर्षी गेला. तुमच्यापैकी कुणी पुढेमागे लेखक झालात, तर दुसऱ्याच्या गोष्टीतल्या बाजूच्या माणसालाही हात लावताना जपून लावा. ब्राँक्सच्या टिली ग्लासमनला ओळखणारा ह्या जगात मी एकटा उरलो होतो. आता तुम्ही आहात.