नवमीचा नारळ

वाळवंटात बर्फ राखायची नोकरी करतो असं सांगितलं की गावाकडची माणसं आधी हसतात आणि मग मला थापाड्या समजतात. समजू देत. तासगावात द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर मी अकरा वर्षं मेकॅनिक होतो. दोह्यात तेच काम करतो, फक्त इथे द्राक्षांच्या जागी माणसं गार होतात. मॉलच्या मधोमध बर्फाचं मैदान आहे. बाहेर उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री, आणि आत पोरं स्वेटर घालून घसरतायत, आपटतायत, रडतायत आणि पुन्हा तिकीट काढतायत.

दर दोन तासांनी मी त्या बर्फावरून गाडी फिरवतो. तिच्या पोटाखाली लांबलचक पातं आहे. ते बर्फाचा वरचा खराब थर तासून काढतं, मग मागून गरम पाण्याचा पातळ हात फिरतो आणि ते पाणी गोठलं की बर्फ नवा होतो. अंगाने अवाढव्य, चालीने संथ, पाणी पिणार पिंपभर, म्हणून मी तिला म्हैस म्हणतो. आमचा सुपरवायझर उसामा इजिप्तचा, पण तोही आता सकाळी आल्या आल्या विचारतो, "धनाजी, म्हैस रेडी?"

माझं दुसरं काम स्केट्सना धार लावायचं. स्केट म्हणजे तळाला पातं बसवलेला बूट. त्या पात्याची कड बर्फात रुतते म्हणून माणूस वळू शकतो, थांबू शकतो. धार गेली की खेळाडू गेला. कैवल्यच्या पात्यांना मी तेरा वर्षं धार लावली. सात वर्षांचा होता तेव्हा सुचित्रावहिनी त्याला पहिल्यांदा घेऊन आल्या. अल गराफ्यात राहणारी पुण्याची माणसं, साहेब गॅस कंपनीत इंजिनिअर. वहिनींना वाटलं होतं पोरगा एक तास खेळेल आणि दमून झोपेल. तो तास अजून संपलेला नाही. सोळाव्या वर्षी हा मोठ्या माणसांच्या क्लबात आइस हॉकी खेळायला लागला, अठराव्या वर्षी स्लोव्हाकियात शिकायला गेला. आणि या वर्षी तिथल्या एका क्लबाने त्याला नोव्हेंबरअखेरपर्यंत चाचणीवर घेतलं. पटला तर दोन वर्षांचा करार. म्हणजे पगारी खेळाडू. आमच्या मॉलमधल्या बर्फावर शिकलेल्या एकाही पोराला तोवर हे जमलं नव्हतं. मी बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत सगळ्यांना पेढे वाटले, जसं काही माझ्याच घरात कोणी पास झालं होतं.

तो मला काका म्हणतो. मी मराठीत बोलतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. तेरा वर्षं असंच चाललंय आणि आमचं कधी अडलं नाही.

कतारचा नियम असा, की सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर इथला राहायचा परवाना जातो. कैवल्य बापाच्या व्हिसावर. एप्रिलात गेलेला, म्हणून ऑक्टोबरात सहा महिने भरायच्या आधी चार दिवसांसाठी यावं लागलं. क्लबाने कुरकुर करत सुट्टी दिली, पण सराव बुडवू नकोस आणि रोजचा व्हिडिओ पाठव अशी अट घातली. त्याने मला फोन केला. मी उसामाला गळ घातली. मॉल उघडतो दहाला, त्याआधी एक तास बर्फ कैवल्यचा. उसामा म्हणाला, "ओन्ली फॉर हिम," आणि वर बोट करून इन्शाल्ला म्हणाला.

त्यातला एक दिवस खंडेनवमीचा होता.

नवमीला हत्यारांची पूजा असते. कोल्ड स्टोरेजवर आम्ही कॉम्प्रेसरला हार घालायचो, पान्यांना कुंकू लावायचो आणि त्या दिवशी कुणी पान्याला हात लावायचं नाही. दोह्यात म्हशीला सुट्टी कुठली? मॉलला नवमी नसते. पण मी पूजा सोडली नाही. नारळ दर वर्षी वहिनींकडून यायचा. पोरगा ज्या बर्फावर खेळतो त्याची काळजी घेणाऱ्या गाडीला आपला नारळ, असं त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. मी तो मागच्या दाराबाहेर, जिथे ट्रक लागतात तिथे फोडायचो, झाडून घ्यायचो आणि मग आत यायचो. तेरा वर्षांत त्यात बदल नाही.

त्या सकाळी कैवल्य नारळ घेऊन उशिरा आला. पूजेसाठी सव्वाआठला यायचा होता, ट्रॅफिकमध्ये अडकला आणि पावणेनऊ वाजले. नऊला बर्फ तयार हवा होता. स्केट्स पिशवीतून काढले तर पात्यांवर हळदकुंकू. वहिनींनी रात्री देवापुढे ठेवले होते. मी अंगठ्याने ते पुसलं आणि धार बघितली, चोख होती.

"काका, ओन्ली वन अवर," तो घड्याळ दाखवत म्हणाला.

"आलो रं. म्हशीला नमस्कार तरी करू दे."

मागचं दार लांब. जायचं, फोडायचं, झाडायचं, यायचं, त्यात दहा मिनिटं गेली असती. पोरगा बूट बांधून उभा. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. गाडीच्या खोलीतच, उंबऱ्यावर, म्हशीच्या पुढच्या चाकाशी नारळ आपटला. पाणी उडालं, कैवल्यने टाळी वाजवली. दोन्ही वाट्या उचलल्या, मोठे तुकडे वेचले, फडक्याने फरशी पुसली. चाकाकडे बघितलं नाही. चाकांना बर्फावर पकड यावी म्हणून खिळे असतात, आणि दोन खिळ्यांच्या मध्ये काय काय अडकू शकतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी बघितलं नाही.

म्हैस फिरवली, बर्फ आरशासारखा झाला. मलाच माझा अभिमान वाटला.

कैवल्यने फोन काचेला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि सुटला. मी कठड्याशी उभा राहून बघत होतो. वीस मिनिटं नुसतं बघत राहावं असं खेळला. मग उलटा जाता जाता एकदम सरळ वळायची ती त्याची हुकमी गिरकी घ्यायला गेला आणि मैदानाचे भाग पाडायला बर्फात रंगवलेल्या निळ्या रेघेवर त्याचा डावा पाय अंगाखालून निघूनच गेला. कडेच्या फळ्यांवर आपटला तो आवाज मोठा होता. त्यानंतरचा त्याचा आवाज मी सांगत नाही.

अँब्युलन्स गेल्यावर उसामा माझ्याजवळ आला. त्याला रिपोर्ट लिहायचा होता.

"आइस ओके, धनाजी?"

"ओके, सर."

तो गेला आणि मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो. कैवल्यच्या डाव्या पात्याची रेघ बर्फात खोल, स्वच्छ आली होती. निळ्या रेघेवर ती अचानक थांबत होती. तिथे, गडद रंगात लपलेली, करवंटीची एक कपची गोठून बसली होती. नखाएवढी. चाकातून पडली असणार, आणि मीच तिच्यावर गरम पाणी सोडून तिला पक्की बसवली होती. पातं बर्फात रुततं, करवंटीत नाही. मी ती स्क्रूड्रायव्हरने उकरून काढली आणि खिशात टाकली.

खोटं बोललो ते नोकरी जाईल म्हणून, असं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं. आपल्या हाताने आपल्या पोराचा पाय मोडला, हे तोंडातून बाहेर काढायची माझी छाती नव्हती.

गुडघ्याची दोन लिगामेंट्स तुटली. ऑपरेशन झालं. क्लबाचं पत्र आलं, फार सभ्य भाषेतलं, की चाचणी संपली असं समजावं. हे सगळं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. जेवण गोड लागेना. खिशातली कपची रोज या पँटमधून त्या पँटमध्ये टाकत होतो, फेकवत नव्हती. शेवटी दुसऱ्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बस बदलत बदलत अल गराफ्याला गेलो. ठरवून गेलो, की आज सांगायचंच. काय व्हायचं ते होऊ दे.

दार वहिनींनी उघडलं. आठवड्यात वाळल्या होत्या.

"बरं झालं आलात, धनाजीभाऊ," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "माझं मन खातंय हो. पूजेतली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात. मला माहीत होतं. तो घेऊन निघाला आणि मी अडवलं नाही. वर तुमचा नारळ त्याच्या हातात दिला."

"वैनी, तसं न्हाई ते. तुमचं काय चुकलं न्हाई."

"तुम्ही आपले म्हणणारच," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

कैवल्य सोफ्यावर होता. पाय पट्ट्यांच्या साच्यात, मांडीवर लॅपटॉप, बाजूला वही. मला वाटलं होतं रडवेला असेल. तर गडी मला बघून उजळला.

"काका, कम, सी. आय फाउंड इट."

त्याने तो व्हिडिओ लावला. अगदी हळू चालवला. मला बघवत नव्हतं, पण तो बोट ठेवून दाखवत होता. डावा खांदा बघ, खाली गेलाय. वजन टाचेवर गेलंय. म्हणून कड सुटली. शंभर वेळा बघितल्यावर सापडलं, म्हणाला. कोचला लिहिलं, तर कोचने उत्तर दिलं की चूक सापडली हे चांगलं झालं, ती सुधार आणि पुढच्या वर्षी ये, बघू. वहीत त्याने त्या गिरकीची चित्रं काढली होती, पानांमागून पानं. गुडघा सावरला की कोणत्या आठवड्यात काय करायचं ते लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, चालण्याफिरण्यापुरता पाय पूर्ण बरा होईल, खेळाचं सांगता येत नाही.

"द नी, नॉट इन माय हँड्स," तो म्हणाला. "बट द टर्न, आय कॅन फिक्स."

उठून घरी जावं, असं मला तेव्हा वाटलं. खरंच वाटलं. पण पोरगा स्वतःला दोष देत बसलाय आणि दोषी समोर खुर्चीत बसून चहाची वाट बघतोय, हेही सहन होईना. त्याला मोकळं करावं म्हणून मी खिशात हात घातला आणि कपची त्याच्या वहीवर ठेवली.

"ह्ये काय हाय सांग."

त्याने ती बोटाने उलटून बघितली.

"करवंटी. नवमीच्या नारळाची. चाकात अडकून बर्फावर गेली. मी गडबडीत आतच फोडला नारळ. निळ्या रेघेवर, तुझ्या पायाखाली गावली मला. तुझा खांदा न्हाई, टाच न्हाई, काय न्हाई. माझी चूक हाय, बाळा. उसामाला मी उद्या सांगतो. तू तुझ्या कोचला सांग."

सांगून झालं आणि माझं मला रडू फुटलं.

कैवल्यने कपची उचलली, उजेडात धरली. "सो इट वॉझन्ट मी," तो पुटपुटला, आणि क्षणभर हसला. अगदी सात वर्षांचा होता तसा हसला. "आई! इट वॉझन्ट मी!"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ओरडतील, हाकलतील, मी तयार होतो. त्या फक्त म्हणाल्या, "तो नारळ मी निवडून आणला होता. वाजवून बघून." ट्रे टेबलावर ठेवला आणि खाली बसल्या.

कैवल्यचं हसू तेवढ्यात गेलं होतं. लॅपटॉपवर तो व्हिडिओ अजून चालूच होता. तो वहीची पानं उलटत होता, एक गिरकी, दुसरी गिरकी, आठवडा पहिला, आठवडा दुसरा. मग त्याने वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला.

"मग आता मी काय सुधारू, काका?"

चहा तिघांचाही तसाच राहिला.