वरच्या कवळीची जबानी

मी एक जुनी कवळी आहे. वरची. खालचे दात मालकांचे स्वतःचे आहेत आणि या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

मित्रांनो, मी हसते आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. कवळीला दुसरा चेहराच नसतो. खरं तर मी शरमेने लाल झाले आहे, पण माझी हिरडी मुळातच गुलाबी असल्याने ते कोणाला कळत नाही.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या एका छोट्या खोलीत झाला. कारागिराने मालकांच्या टाळूचा ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतून साचा केला आणि साच्यावर मेणात एकेक दात बसवला. दात पांढरेशुभ्र होते. मालकांनी ते सगळे काढायला लावले. म्हणाले, "शेड जरा हस्तिदंती घ्या. शुभ्र दात खोटे वाटतात." ते खरेच खोटे आहेत, हे कारागिराने सौजन्यापोटी सांगितलं नाही.

रंगाच्या बाबतीत मालक कोणाचंच ऐकत नसत, कारण ते पेंटर होते. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. गावातल्या बहुतेक जिन्यांत 'येथे थुंकू नये' असं जे सुंदर लिहिलेलं दिसे, ते त्यांच्याच हातचं. आता हसू नका. पुढे रडायचं आहे.

शिडीवर चढताना मालक ब्रश दातांत धरत. म्हणजे मीच धरत असे. दांडी घासून घासून माझ्या पुढच्या दोन दातांत एक गोल खाच पडली. मला ती पदकासारखी वाटे. मी तोंडात बसले तेव्हा काकू, म्हणजे मालकांची बायको, म्हणाल्या होत्या, "अहो, बघायला आलात तेव्हा असे हसला असतात, तर माझी आई लगेच हो म्हणाली असती!" ते माझे सुखाचे दिवस होते. संध्याकाळी पाण्याच्या पेल्यात पोहायचं, सकाळी कामावर जायचं.

मग दिवस फिरले. पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या. मालकांना कामं मिळेनात आणि ते चिडचिडे झाले. त्यांची हिरडी झिजली, मी सैल झाले, बोलताना खाली येऊ लागले. माझी कड एकाच जागी घासून जखम झाली आणि तिथून रक्त येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, कवळी नव्याने बसवून घ्या. मालक म्हणाले, "बघू." सगळ्या आजारांवर मालकांकडे हे एकच औषध होतं.

आता ती सकाळ सांगते.

शाळेसमोरच्या चौकात एक मावशी मुलांना रस्ता ओलांडून देते. हातातली गोल पाटी वर करते आणि "थांबा!" असं ओरडते, म्हणून मुलं तिला थांबामावशी म्हणतात. तिची जुनी पाटी मालकांनी रंगवली होती. त्या दिवशी तिच्या हातात नवी, छापील पाटी होती. मालक बसमध्ये खिडकीशी बसले होते. बऱ्याच दिवसांनी एक काम मिळालं होतं आणि उशीर होत होता. नेमकी आमचीच बस तिने अडवली.

मालकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, सोडा की बस! आणि ही कसली पाटी? हे अक्षर आहे की मेलेली पाल?"

"काका, आधी मुलं जाऊ देत, मग पालीचं बघू," मावशी म्हणाली. मुलं खिदळली. बसमधलेही हसले.

मालकांना ते हसणं जिव्हारी लागलं. माझ्या लक्षात यायच्या आत गाल आत गेले, जीभ मागे गेली आणि ते तिच्या तोंडावर थुंकले. मी सैल होते, हे ते रागात विसरले. थुंकी गेली, तिच्यामागून मीही गेले. थुंकी मावशीच्या डोळ्यात आणि ओठांवर पडली. मी तिच्या नारिंगी जॅकेटच्या खिशात पडले, अगदी जागा राखून ठेवल्यासारखी.

तेवढ्यात बस निघून गेली. थुंकणाऱ्याचा चेहरा कोणाला नीट आठवेना.

"मावशी, तुमचे दात पडले!" एक मुलगी किंचाळली.

"माझे आहेत गं जागेवर," मावशी म्हणाली. तिने नळाखाली डोळा धरला आणि बराच वेळ धुतला. मित्रांनो, असं झालं तर तेच करायचं असतं. मी खिशातून ऐकत होते आणि मला तोंड लपवायला तोंड नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी मावशीला तपासलं, मग मला. माझ्या कडेला रक्त लागलेलं होतं. त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "थुंकीतून सर्दी, ताप असले आजार येऊ शकतात. पण थुंकीत रक्त असेल आणि ती डोळ्यात गेली, तर रक्तातून पसरणाऱ्या काविळीचाही विचार करावा लागतो. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. आता रक्त तपासू, लस देऊ, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. थुंकणारा माणूस सापडला आणि त्याचं रक्त तपासता आलं, तर मात्र लगेच उलगडा होईल."

मावशीने एवढंच विचारलं, "माझी लेक बाळंत होऊन घरी आलीय. नातीला घेऊ ना?"

"खुशाल घ्या. काही दिवस पापा मात्र घेऊ नका."

त्या जखमेचं रक्त माझ्या अंगावर होतं आणि त्या जखमेचं कारणही मीच होते. पेल्यात बुडून मरावं असं वाटलं, पण मी रोज पेल्यातच बुडत असे, त्यामुळे तोही मार्ग बंद होता.

पोलीस ठाण्यात मला पारदर्शक पाकिटात घालून सील केलं. हवालदार म्हणाले, "अंगावर थुंकणं म्हणजे हल्लाच. त्यातून बाई कामावर होती. केस उभी राहणार. आता वरचे दात नसलेला माणूस शोधायचा."

त्यांनी युक्ती केली. फळ्यावर लिहिलं: 'कवळी सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जावी.' लगेच तीन आजोबा आले. एकही माझा नव्हता.

"आजोबा, तुमचे सगळे दात आहेत की तोंडात!" हवालदार म्हणाले.

"हो, पण एक जादा असलेली बरी."

दुसऱ्या आजोबांनी साक्षीला बायको आणली होती. ती म्हणाली, "यांचीच आहे. हसते पण यांच्यासारखीच, खोटं." तिसरे मला बघून म्हणाले, "मापाने मोठी आहे, पण कापून घेईन." हवालदारांनी फळा पुसला आणि जिन्यात लावायला थुंकण्याविरुद्ध एक कायमची पाटी करायची ठरवली. त्यासाठी पेंटर बोलावला.

कोणता पेंटर आला असेल, ते तुम्ही ओळखलं असेल.

मालक तोंडाला रुमाल बांधून आले. "दाढ दुखतेय," असं खुणेनेच सांगितलं. टेबलावर मला पाहिलं आणि नजर फिरवली. इतकी वर्षं एका तोंडात राहून त्यांनी मला ओळख दाखवली नाही. ते खाली बसून लिहू लागले: 'कोणाच्याही अंगावर थुंकणे हा'.

तेवढ्यात थांबामावशी चौकशीला आली. "सापडला का हो?"

"नाही अजून. नातीला घेतलंत का?"

"डॉक्टरबाई म्हणतात घे. मन होत नाही. हात पुढे करते, परत मागे घेते. लेकीला वाटतं आई रुसली. मी दारातूनच बघते." मग तिचं लक्ष पाटीवरच्या अक्षराकडे गेलं. "आमची जुनी पाटी तुमचीच ना, काका? तीच बरी होती. नवी उन्हात नुसती चमकते, ड्रायव्हरला वाचताच येत नाही. मी परत मागितली आहे."

मालकांचा ब्रश 'हा' वरच थांबला. रंगाचा ओघळ खाली आला. आयुष्यात त्यांनी ओघळ येऊ दिला नव्हता.

त्यांनी रुमाल सोडला. "ती कवळी माझी आहे," ते अर्ध्या बोळक्या तोंडाने म्हणाले.

"तुम्ही चौथे," हवालदार वर न बघता म्हणाले. "पाटी पुरी करा, काका."

मालकांनी ब्रशची दांडी पुसली आणि पाकिटावरूनच माझ्या पुढच्या दातांवर टेकवली. दांडी खाचेत नीट बसली. आता हवालदारांनी वर पाहिलं.

"मी थुंकलो," मालक म्हणाले. "माझं रक्त घ्या. आत्ताच घ्या."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडलीही नाही. "पाल म्हणालात ते चाललं असतं, काका," एवढंच म्हणाली. मालकांची मान जी खाली गेली, ती त्या दिवशी वर आलीच नाही.

"मी माफी मागतो. आता मिटलं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिटेल कसं?" हवालदार म्हणाले. "माफी वेगळी, केस वेगळी. आधी रक्त द्या, मग पाटी पुरी करा, मग अटक करतो."

मालकांनी रक्त दिलं आणि परत येऊन 'गुन्हा आहे' लिहिलं. त्यांचं ते सगळ्यात वाकडं अक्षर. पाटी अजून ठाण्याच्या जिन्यात आहे.

रक्तात काही निघालं नाही. पण कोर्टाने सोडलं नाही. दंड झाला, मावशीच्या तपासण्यांचा खर्च भरावा लागला, थोडे दिवस कैदही झाली. काकू बाजारात मान खाली घालून जाऊ लागल्या. थुंकायला लागला तो एक क्षण, आणि पुसायला सगळं घर लागलं.

निकालाच्या दिवशी मी कोर्टातल्या टेबलावर होते. मावशी नातीला खांद्यावर घेऊन आली होती. बाळाने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि बोळकं पसरून हसलं. मग मावशीच्या खांद्यावर भलीमोठी लाळ गाळली. मावशीने ती पदराने पुसली आणि बाळाचा पापा घेतला. खाली मान घालून बसलेल्या मालकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मित्रांनो, मालकांना आता नवी कवळी मिळाली आहे. मी कोर्टाच्या कपाटात पाकिटात असते. माझं एकच मागणं आहे. राग आला तर दात ओठ खा, हवं तर पाठ फिरवून चालायला लागा, पण तोंडातलं तोंडातच ठेवा. त्या बाळाच्या तोंडात एकही दात नव्हता. माझ्याकडे वरचे सगळे होते, आणि तरीही मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली.