दोघांचं रक्त

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या सालची गोष्ट. बाळ जेमतेम मान धरायला लागलं होतं, तेव्हा बनाबाईच्या दंडावर निळा डाग उमटला. मग मांडीवर, पाठीवर. माळशिरसहून तिचा भाऊ येडू भेटायला आला. बहिणीचे हात बघून तो मेव्हण्याकडे, सिदूकडे वळला.

"दाजी, मारताय व्हय तिला?"

"न्हाय दादा," बनाबाई म्हणाली, "आपसूकच उठत्यात."

येडूला ते पटलं नाही. पण मांडी सुजून टणक झाली, तेव्हा दोघांनी मिळूनच तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं.

तिथं ती अर्धवट झोपेतच असायची. अंग पिसासारखं हलकं. दूर गिरणीचा भोंगा वाजला, की खाट हळूच माळावर जायची. मेंढरं ढगांसारखी कुशीला घासून जायची. शेजारच्या खाटेवरची काशम्मा कानडीत काहीतरी गुणगुणत बनाबाईचं बाळ जोजवायची, आणि ते सूर तिला पाण्याखालून ऐकू यायचे.

डॉक्टरीणबाईंनी सिदूचंही रक्त घेतलं. दोघांच्या रक्तातलं पिवळं पाणी एका नळीत मिसळलं. आधी ते नीट गोठलं. तसंच दुसरं मिश्रण कोमट पाण्यात ठेवून संध्याकाळी तपासलं, तर ते पातळच राहिलं.

"माजंबी रगत बिघडलं व्हय, बाई?"

"तुमचं चांगलं आहे. रक्त गोठवणारा एक पदार्थ असतो. हिचं शरीर त्यालाच परका समजून मारतंय. तुमच्यातला मिसळला, तर त्यालाही मारलं. बाळंतपणानंतर क्वचित होतं असं."

येडू दाराशी उभा होता. "मंग ते डाग?"

"आत रक्त साकळतं. कुणी हात लावायलाच हवा असं नाही."

येडू बाहेर गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात चहाचा एकच पेला होता. तो त्यानं सिदूपुढं धरला.

"घ्या दाजी. सकाळपास्नं उपाशी हाय तुमी."

शरीराचा तो हल्ला थोपवणाऱ्या गोळ्यांनी बनाबाईचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. डाग हिरवे, मग पिवळे होत विरले. थंडीत, घरी, बाभळीचा काटा तिच्या बोटात रुतला. रक्ताचा थेंब वर आला, थरथरला आणि तिथंच थांबला. ती उन्हात बसून त्याच्याकडे बघत राहिली.