डावा खांदा

समीक्षाचा उजवा डोळा गेला तो दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, बापाच्या स्टॉलवर.

लोणावळ्याच्या वर, दरी बघायला गाड्या थांबतात त्या रस्त्याकडेला केरबाचा फुगे फोडायचा स्टॉल होता. मागं पत्रा, पत्र्यासमोर जाळीवर टाचलेले फुगे, टेबलावर छऱ्याच्या दोन बंदुका. केरबाचं गाव कान्हे. तिथली भातखाचरं त्याची बायको अनिता सांभाळायची आणि हा सुट्टीवारी स्टॉल लावायचा. गिऱ्हाइकाचा नेम चुकावा म्हणून त्यानं दोन्ही बंदुकांच्या नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा टोकाचा खुंट, पकडीनं जराशी वाकवून ठेवली होती. समीक्षा लहानपणापासून याच बंदुकांवर खेळली. कुठली खाली मारते, कुठली बाजूला, हे तिला विचार न करता कळायचं.

तळेगावात नेमबाजीचा क्लब चालवणारे केशव सर एकदा घरच्यांना घेऊन फिरायला आले होते. वाकड्या बंदुकीनं ओळीनं फुगे फोडणारी ही शाळकरी पोर त्यांनी पाहिली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला क्लबात घेतलं. कॉलेजात जाईपर्यंत राज्य स्पर्धेत तिचं नाव होऊ लागलं. क्लबातली एकुलती एक परदेशी रायफल तिच्या मापानं लावलेली असायची. दुसऱ्या कुणी त्या रायफलला हात लावला तर सर ओरडायचे.

त्या दुपारी गर्दी होती म्हणून ती बापाच्या मदतीला आली होती. फुटलेल्या फुग्यांच्या जागी नवे टाचायला ती जाळीपुढं गेली. केरबानं एका बंदुकीत छर्रा भरला, बंदूक टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला वळला. भरलेली बंदूक खाली ठेवायची नाही म्हणून समीक्षा त्याच्यावर कितीदा चिडली होती. समोरच्या टोळक्यातल्या एकानं, मित्र फोटो काढतोय म्हणून, ती उचलली, गालाला लावली आणि हसत हसत ट्रिगर ओढला. समीक्षा नेमकी तेव्हाच मागं वळली होती.

ती ओरडली नाही. डोळ्यावर तळवा दाबून खाली बसली. बोटांतून रक्त आलं तेव्हा ती पोरं गाडीत शिरली आणि निघून गेली. केरबा आधी गाडीमागं पळाला, मग पोरीकडं.

पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. समीक्षा आत गुंगीत होती.

"या डोळ्यानं तिला आता दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "तो काढावा लागेल. आणि लवकर, दोन आठवड्यांच्या आत."

"दिसत नसला तरी ऱ्हाऊ द्या की. तोंडावर डोळा दिसंल तरी."

"तसं नसतं. असा फुटलेला डोळा आत राहिला, तर कधीकधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही सूज येते. क्वचित होतं. पण झालं तर तोही जाऊ शकतो."

"क्वचित म्हंजी?"

"म्हणजे बहुतेकांना होत नाही. तुमच्या मुलीला होणार नाही, असं मी नाही सांगू शकत. तिच्याशीही मला बोलायचंय."

"तिला मी सांगतो," केरबा म्हणाला. "बापाच्या तोंडून ऐकंल."

त्यानं बायकोला फोन केला नाही. पायऱ्यांवर बसून बराच वेळ विचार केला. डोळ्याच्या जागी काच बसवलेली पोर कोण करून घेईल? बहुतेकांना होत नाही, हेच त्यानं धरून ठेवलं. गुंगी उतरल्यावर त्यानं समीक्षाला सांगितलं, "डॉक्टरीण म्हनली, डोळा काढायची गरज न्हाई. हाय तसाच ऱ्हाऊ द्या." आणि बाई पुढच्या फेरीला यायच्या आत, आम्ही दुसरीकडं दाखवतो म्हणून सही करून तो तिला घरी घेऊन आला.

डोळा पांढरा पडला.

एका डोळ्यानं जगायला शिकताना तिनं कितीदा चहा कपाबाहेर ओतला, पायरी नाही तिथं पाय टाकला. तरी महिन्याभरात ती तळेगावला क्लबात गेली. तिची रायफल अपूर्वाच्या खांद्यावर होती. अपूर्वा तिच्या मागून आलेली, डॉक्टरांची मुलगी. तिनं समीक्षाकडं पाहिलं आणि पटकन नजर फिरवली.

"सर, मी डाव्या डोळ्यानं मारीन," समीक्षा म्हणाली.

केशव सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "हे बघ, उजव्या खांद्यावर रायफल ठेवून डाव्या डोळ्यानं बघायचं तर आडवी पट्टी लावून साइट पलीकडे न्यावी लागते. ती क्लबच्या रायफलला मी लावू देणार नाही. आणि खांदाच बदलायचा म्हणशील, तर कंबर, मान, कोपर, बोट, सगळं पहिल्यापासून. दहा वर्षांची सवय अंगातून काढणार कशी?"

"काढीन."

"लहान मुलांची बॅच सांभाळशील का? तुझी गोष्ट ऐकून मुलं शिस्तीत राहतील."

तिनं चहा तसाच ठेवला.

परदेशी रायफलचा दस्ता उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेला असतो. स्टॉलच्या बंदुकीचा दस्ता साधा, दोन्हीकडून सारखा. समीक्षा रोज सकाळी बापाबरोबर लोणावळ्याला जाऊ लागली. आतापर्यंत डावी कंबर निशाण्याकडं असायची, आता उजवी. उजवं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं, डावा गाल दस्त्यावर, दस्ता डाव्या खांद्याच्या खोलीत. पाठीचा कणा उलट्या बाजूनं वाकायला तयार नव्हता. रात्री तिला कूस बदलता यायची नाही. पण सगळ्यात जास्त छळलं ते डाव्या हाताच्या बोटानं. उजवं बोट ट्रिगर इतका हळू दाबायचं की गोळी कधी सुटली ते तिलाही कळायचं नाही. डावं बोट हिसका द्यायचं आणि नळी खाली जायची.

म्हणून ती सगळं डाव्या हातानं करू लागली. बटणं लावायची, ब्रश करायचा, लिहायचं. जेवायलाही बसली तेव्हा आईनं हातावर फटका मारला.

"डाव्या हातानं जेवतात का गं?"

"त्याला शहाणं करतेय, आई."

दुसऱ्या दिवशी अनितानंच भाकरी कुस्करून ताट लेकीच्या डाव्या अंगाला सरकवलं.

उन्हाळा आला तोवर बोट शांत झालं होतं. तोवर लोकही जमायला लागले होते. कुणीतरी तिचा व्हिडिओ काढून पसरवला. माणसं स्टॉल शोधत यायची. केरबानं फळा रंगवून घेतला: 'एका डोळ्याची नेमबाज'. तो टेबलापुढं उभा राहून ओरडायचा, "या, या! डावा हात, एक डोळा, बघा तरी!" समीक्षा काळा चष्मा लावायची.

"चष्मा काढ," एकदा तो हळूच म्हणाला.

"का?"

"लोकांना खरं वाटत न्हाई. मागं एकजण म्हनला, नाटक हाय."

"आबा, मला नाही आवडत."

"गिऱ्हाईक तुलाच बघाय येतंय. तुझ्याच सरावाला जागा मिळती हितं. काढ."

तिनं काढला. गर्दीतलं एक लहान मूल रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याचं तोंड फिरवलं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल वर धरला. समीक्षानं श्वास सोडला, अर्ध्यावर थांबवला आणि फुगा फोडला. कुणी काही ओरडो, हसो, "इकडं बघ ना" म्हणो, तिचा डोळा माशीवरून हलायचा नाही. क्लबातल्या शांततेत तिला ही सवय कधी लागली नव्हती.

पावसाळ्यात केशव सर स्वतः स्टॉलवर आले. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. बराच वेळ ते छत्रीखाली उभे होते. मग केरबाला म्हणाले, "हिला क्लबात पाठवा. डावरी रायफल मिळवतो." जाताना त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला, तिचा पांढरा डोळा नीट दिसेल अशा बाजूनं.

रायफल आली, जुनी पण खरोखर डावरी. गाल टेकल्याबरोबर समीक्षाला कळलं की आपण पोचलोय. निवड चाचणीत ती अपूर्वाच्या पुढं गेली. राज्य स्पर्धा गणपतीनंतर होती.

गणपतीच्याच दिवसांत डावा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. निशाण्याचं काळं वर्तुळ कडेनं विरघळल्यासारखं दिसू लागलं.

"आबा, या डोळ्यापुढं धुरकट येतंय," ती म्हणाली.

केरबा फुगे फुगवत होता. त्याच्या तोंडातला फुगा सुटला आणि फर्र करत खाली गेला. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द.

"ताण पडत असंल," तो म्हणाला. "स्पर्धा झाली की दाखवू."

"आत्ता दाखवू या का?"

"आता डॉक्टरकडं गेलीस तर त्यो खेळू देनार न्हाई. मग येवढं केलेलं पान्यात जाईल. चार दिवसांनी काय व्हतंय?"

तिलाही खेळायचंच होतं. तिनं मेडिकलमधून थेंब आणले.

पुण्यात, स्पर्धेच्या हॉलमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या होत्या. मागं खुर्च्यांवर केशव सर आणि केरबा. पहिल्या फेऱ्या ती इतकी चांगली खेळली की सर उठून उभे राहिले. मग वर्तुळ हलायला लागलं. तिनं रायफल खाली घेतली, डोळा मिटला, उघडला. वर्तुळाच्या जागी राखाडी डाग होता. तो मोठा होत होता. ती थांबली नाही. कंबर कुठं आहे, कोपर कुठं टेकलंय, गालावर दस्ता कसा बसलाय, याच्यावर ती मारत गेली. काही गोळ्या मध्यावर लागल्या. पुढच्या एकीला तर निशाणाच सापडला नाही, आणि शेजारच्या पडद्यावर तिचा ठिपका उमटला. पंच धावत आले.

"तू शेजारच्या निशाण्यावर मारलंस," ते म्हणाले.

"माझा कुठला आहे?" समीक्षानं विचारलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तिनं खरंच विचारलंय हे केशव सरांना आधी कळलं. ते पुढं आले नाहीत. खाली बसले आणि मोबाईल काढून बघू लागले.

हे कळताच अनिता परस्पर पुण्याला आली आणि लेकीला घेऊन त्याच रुग्णालयात गेली. त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी जुना डोळा पाहिला, डावा पाहिला.

"हा काढला नाहीत?" त्यांनी विचारलं. "मी तुझ्या वडिलांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" अनितानं विचारलं.

बाईंनी सांगितलं, थोडक्यात, जसं त्या दिवशी सांगितलं होतं तसं. केरबा दाराशी उभा होता.

"बहुतेकांना व्हत न्हाई म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "त्यांनीच म्हनलं व्हतं."

"गणपतीत," समीक्षा म्हणाली, "मी धुरकट दिसतंय म्हणाले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

केरबानं दाराची चौकट धरली.

"आबा, होतं का?"

"व्हय."

डॉक्टरबाईंनी जोरदार औषधं सुरू केली. ती महिनोन्‌महिने चालली. तिचा चेहरा सुजला, हात थरथरू लागले. पांढरा डोळा काढला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. डाव्या डोळ्यात शेवटी राहिलं ते थोडंसं. उजेड कुठून येतोय ते कळायचं, समोर माणूस उभा राहिला तर त्याचा आकार.

अनिता तिला घेऊन माहेरी, परंदवडीला आली, भाऊ निवृत्तीच्या घरी. कान्ह्याला ती परत गेली नाही. केरबानं निरोप धाडले, माणसं धाडली. अनितानं सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. केशव सरांचा एकदा फोन आला. आवाजावरून नेम धरायची अंध खेळाडूंची एक स्पर्धा असते, म्हणाले, क्लबाला त्यात रस आहे. निवृत्तीनं फोन समीक्षाच्या हातात दिला. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"अपूर्वाला विचारा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

केरबा स्वतः आला तो शिमग्याच्या सुमाराला. समीक्षा अंगणात उन्हात बसून शेंगा फोडत होती. हात आता थरथरत नव्हते. वाटेवरूनच तिनं त्याची चप्पल ओळखली. त्याची उजवी टाच घासते. मग तो समोर येऊन उभा राहिला, आणि उजेडावर त्याचा आकार पडला: आखूड मान, टोपी, एक खांदा खाली.

"समे," तो म्हणाला. "वळकलंस का?"

ती शेंगा फोडत राहिली.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"मी कोण?"

आतून अनिता दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. निवृत्तीनं बैल बांधता बांधता मान वळवली. केरबानं टोपी काढून हातात घेतली.

"केरबा," तो म्हणाला. "कान्ह्याचा."

"बसा," ती म्हणाली. "मामा, कुणीतरी कान्ह्याचे पाहुणे आलेत. पाणी द्या त्यांना."

तो पाणी प्यायला. बराच वेळ बसला, उठून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तिनं पुन्हा विचारलं, कोण, आणि त्यानं पुन्हा नाव आणि गाव सांगितलं. अजूनही तो दर रविवारी येतो.