चकत्यांवरचा ट्रक

“रेनो, वेड लागलंय का तुला? हॉकीच्या चकत्यांवर ट्रक?” शेजारचा टॉयव्हो कुंपणावरून ओरडला.

“तुझ्या डोक्याइतक्या टणक आहेत त्या!” मी ट्रकखालूनच म्हणालो.

गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र मी एकतीस वर्षं चालवलं. दर वसंतात रिंकमागच्या अंगणातला बर्फ वितळला, की कठड्यावरून उडालेल्या रबरी चकत्या चिखलात सापडायच्या. बादलीभर साठल्या होत्या. ट्रक उंच करायचं तयार किट माझ्या पेन्शनीला कुठलं झेपतंय! बारा चकत्यांना मधोमध भोकं पाडली, लांब बोल्ट तेवढे विकत आणले. चकत्या मध्ये घालून बॉडी चेसिसच्या सांगाड्यावरून इंचभर उचलली की मोठे टायर बसतात. मोठे टायर बसले की तळ्याच्या वाटेवरच्या दगडांना ट्रकचं पोट घासत नाही. साधा हिशेब.

त्याच वाटेवर आम्ही गेल्या वर्षी अडकलो आणि दोन मैल चालत आलो. तेव्हापासून माझ्या बायकोनं, मार्लिसनं, धोशा लावला होता, की तळ्यावरची खोपी विकून टाक. माझ्या बापानं बांधलेली खोपी, मागं सौना, वाफेनं अंग शेकायची खोली! गिऱ्हाईकही ठरलं, शनिवारी संध्याकाळी सह्या.

“शनिवारी सकाळी तुला तिथं नेतो,” मी तिला छातीठोकपणे सांगितलं. “नाही पोचलो तर बिनतक्रार सही करतो.”

गंजलेले बोल्ट तीन दिवस तेल पिऊन हलले. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून बॉडी हळूहळू उचलली. स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरचे पाइप, काही ताणलं नाही ना ते दोनदा बघितलं. शेवटच्या चकतीला तर टॉयव्होच पाना घेऊन खाली शिरला. भंगारातून आणलेले टायर चढले आणि ट्रक चार बोटं उंच, रुबाबात उभा राहिला.

शनिवारी मार्लिस पिशवी घेऊन आली. दार उघडून तिनं पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हिवाळ्यात तिचा खुबा बदलला होता, आणि मला शहाण्याला ते एकदाही आठवलं नाही! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात पुढे केले.

“मला उचलायचं नाही हं.”

तिनं जॅकवरचा तो ठोकळा पायानं दाराशी सरकवला आणि त्यावरून वर चढली.

“आणि तिकडं उतरू कशी? दोरी बांध त्याला. टोक माझ्याकडे दे.”

ठोकळा तिनं स्वतःच वर ओढून घेतला.

वाटेत एकही दगड घासला नाही. खोपीशी तिनं ठोकळा खाली सोडला, त्यावर पाय देऊन उतरली आणि तडक सौनाकडे निघाली.

“सह्यांचं काय?” मी घाबरत विचारलं.

“चूल पेटव आधी,” ती मागं न बघता म्हणाली. “पेटवायला ते सह्यांचे कागद पिशवीत आहेत.”