सात टाक्या आणि एक बंब

व्हर्डी स्टॅलार्डला दारात अडवायची जन्मात कुणाची छाती झाली नव्हती. आणि सदुसष्टाव्या वर्षी राज्याच्या राजधानीत, चार्ल्सटनच्या विधानभवनात एका टकल्या पहारेकऱ्यानं तिला अडवलं, तेही पाण्याच्या बरणीवरून.

"पातळ पदार्थ आत नेता येत नाही, मॅडम."

"पदार्थ? अरे बाबा, माझ्या विहिरीचं पाणी आहे ते. घोटभर पी, मग सांग कसला पदार्थ."

बरणीतलं पाणी गंजासारखं तांबडं होतं, वर तेलाचा तवंग. व्हर्डीच्या खोऱ्याच्या माथ्यावर गॅस कंपनीच्या सात टाक्या होत्या. गॅस काढताना जमिनीतून जे खारट, विषारी पाणी वर येतं ते त्यांत साठवायचे. दोन वर्षं झाली, खालच्या विहिरींना वास येत होता. सहा वर्षांची नात ट्रिना अंघोळ करून आली की कोपरापर्यंत लाल चट्टे. कंपनी म्हणायची, आमच्या टाक्या गळत नाहीत. आणि उघडून बघायचा अधिकार कुणालाच नव्हता.

तो अधिकार देणारा कायदा आज समितीपुढे होता. विहिरींच्या वर असलेली प्रत्येक टाकी सरकारी माणसानं दरवर्षी तपासायची, एवढंच त्यात होतं. समितीत आमदार अकरा. सहा हात वर झाले की काम झालं. ते सहा हात व्हर्डीनं अख्खा हिवाळा फोनला चिकटून, कधी गोडीनं, कधी शिव्या देऊन जमवले होते.

"एमरी, सोड की त्यांना. बरणी मी सांभाळतो."

मागून पांढऱ्या केसांचा, कडक इस्त्रीतला एक गृहस्थ आला. पहारेकरी लगेच बाजूला झाला. गृहस्थाच्या गळ्यात फीत, फितीला राज्याचा शिक्का असलेलं ओळखपत्र. व्हर्डीचा चष्मा पर्सच्या तळाशी होता आणि पर्सवर पावांची टोपली. तिला वाटलं, हा इथलाच कुणी अधिकारी. का नाही वाटणार? त्याला प्रत्येक दार माहीत होतं. झाडूवाल्या बाईला त्यानं तिच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. व्हर्डीची टोपली उचलली, समितीच्या खोलीबाहेर पाठ टेकायला धड खुर्ची शोधून दिली, कॉफी आणली.

आमदारांसाठी तिनं पहाटे पेपरोनी भरलेले पाव भाजले होते. त्यातला एक तिनं त्याच्या हातावर ठेवला. त्यानं उभ्यानंच खाल्ला, डोळे मिटून.

"माझी आई अस्सेच करायची."

"मग आई शहाणी होती तुझी."

खोऱ्यात अशीच रीत. टोपलीतलं काढून खाल्लं, वर आईची आठवण काढली, की त्या माणसाला तू कुणाचा कोण असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे अपमान. व्हर्डीची चूक झाली ती एवढीच, आणि तिच्या स्वयंपाकघरात ती चूक ठरलीही नसती.

"जमतील का हो सहा?" त्यानं विचारलं.

"पाच खिळ्यासारखे पक्के. सहावा डोनल बोगेस. आमच्याकडचाच. माझ्या हातचं जेवून मोठा झालाय, पण मेला हलता दात आहे."

"का बरं?"

"त्याच्या डोक्यात दुसरंच भूत. आमच्या गावच्या आगीच्या बंबाचं. गावातलीच पोरं फुकट आग विझवायला जातात, आणि बंब माझ्या लग्नाच्या वेळचा! मागच्या महिन्यात चढावर धापा टाकत बंद पडला. हार्लन रीसचं घर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जळालं. सरकारच्या पाया पडून थकला डोनल. आज त्याला कुणी नवा बंब दिला ना, तर बदल्यात सख्ख्या आईला देईल!"

व्हर्डी आपल्याच बोलण्यावर खदखदून हसली. तोही हसला. मग कप हळूच खाली ठेवून त्यानं घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

"जरा एक फोन करून येतो, मॅडम."

दहा वाजता व्हर्डीला तीन मिनिटं मिळाली. तिनं बरणी टेबलावर ठेवली, ट्रिनाच्या हातांचे फोटो ठेवले, आणि म्हणाली, "मी शाळा फारशी बघितली नाही. पण पाणी कसं असतं ते मला कळतं." एका आमदारबाईंनी डोळे पुसले. व्हर्डीला वाटलं, झालं आपलं काम.

जेवणाच्या सुट्टीत तिनं काचेच्या दारातून पाहिलं. तो पांढऱ्या केसांचा डोनलच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. आपला फोन त्यानं डोनलच्या कानाला लावला. व्हर्डी मनाशी म्हणाली, भला माणूस, आपल्यासाठी रदबदली करतोय.

एक वाजता समितीच्या अध्यक्षांनी एक दुरुस्ती वाचायला घेतली. कंपन्यांनी आपापल्या टाक्या आपणच तपासायच्या आणि तसा कागद सरकारला पाठवायचा. वाचताना एका अवघड शब्दावर ते अडखळले. मागच्या रांगेतून कुणीतरी तो शब्द हळूच सांगितला, कागद न बघता. व्हर्डीनं मान वळवली. तोच.

"कोण हो तो?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं. ती निवृत्त नर्स, दर वर्षी कसल्या ना कसल्या कायद्यासाठी येणारी.

"वॉर्ड टॅलमन. गॅसवाल्यांचा लॉबीवाला. त्यांच्या वतीनं आमदारांना पटवायचं, हेच त्याचं काम. अर्धे कायदे त्याच्याच ऑफिसात टाईप होतात. बिचाऱ्या आमदारांना हाताशी कारकूनसुद्धा नसतो, हा मात्र सकाळपासून हजर."

व्हर्डीनं पर्स उपसून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. शिक्क्याखाली ठळक अक्षरांत ते लिहिलेलंच होतं. त्यानं लपवलं काहीच नव्हतं.

दुरुस्तीसाठी पाच हात वर गेले, व्हर्डीच्या पक्क्या पाचांतला एकही नाही. मग टेबलाकडे बघत सहावा, डोनलचा.

तिनं त्याला जिन्यात गाठलं. "बंब मिळाला?"

डोनल पांढराफटक पडला. "काकू, तुला कुणी सांगितलं?"

"मिळाला का ते बोल."

"नवा कोरा. हजार गॅलनची टाकी आहे त्याला. कंपनी गावाला भेट देतेय. त्यांना कुठून कळलं देव जाणे, मी तर त्यांच्यापैकी कुणाजवळ बोललो नव्हतो." त्याचा आवाज फाटला. "हार्लनची बायको रस्त्यावर उभी राहून ओरडत होती गं. उद्या तुझ्या घराला आग लागली तर कायदा घेऊन विझवायला येऊ का मी?"

कुठून कळलं, ते सांगायला व्हर्डीनं तोंड उघडलं, तसंच मिटलं आणि ती जिना उतरली.

दाराशी टॅलमन उभा होता, हातात तिची रिकामी टोपली आणि बरणी. बरणी त्यानं बाहेरून पुसून आणली होती.

"फार छान बोललात, मॅडम. मनापासून सांगतो."

"माझा पाव खाल्लास तू."

"आणि फार दिवसांनी असा खाल्ला. तुम्ही विचारलं असतंत तर मी कोण ते सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही."

त्याच्या आवाजात कुत्सितपणा असता तर व्हर्डीनं बरणी त्याच्या इस्त्रीवर ओतली असती. पण तसलं काही नव्हतं. तो तिला बसपर्यंत सोडायलाही तयार होता.

ऑगस्टमध्ये खोऱ्यातल्या विहिरी काळ्या पडल्या. नळ उघडला की घरभर कुबट वास. सरकारनं चिठ्ठी लावली, पिऊ नका, अंघोळ करू नका. कंपनीचा कागद मात्र वेळच्या वेळी गेला होता, सातही टाक्या ठणठणीत.

तिसऱ्या दिवशी चढावरून नवा बंब आला. कुठेही न थांबता, न खोकता. लालभडक, दारावर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. चालवत होता व्हर्डीच्या बहिणीचा मुलगा कर्टिस.

"मावशी, भांडी आण सगळी! हजार गॅलन आणलंय. आणि चढतो काय गं, बघितलंस? ज्यानं कुणी हा मिळवून दिला त्याचं भलं होवो!"

"तोंड बंद कर आणि भर."

आपण बादली धरायची नाही, असं व्हर्डीनं सकाळीच ठरवलं होतं. पण ट्रिना आतून दोन बादल्या ओढत आली. तिच्या हातांना कापड गुंडाळलेलं होतं. व्हर्डीनं तिच्याकडून बादल्या घेतल्या.

पाणी पडत होतं तोवर ट्रिना दारावरची अक्षरं एकेक जुळवत मोठ्यानं वाचत होती. नुकतीच वाचायला शिकली होती. नाव लांबलचक होतं, मध्येच अडली.

"आजी, पुढचं काय आहे?"

व्हर्डीला ते पाठ होतं. तिनं सांगितलं, आणि दुसरी बादली पुढे केली.