जन्मस्थळ: पेंडूर

“जन्मदाखला?” कॉलेजच्या प्रवेश टेबलावरच्या शर्मिष्ठा मॅडमनी मान वर न करता हात पुढे केला.

“तो आणायचा राहिला,” लवू सरमळकर म्हणाला.

दाखला त्याच्या मांडीवरच्या फायलीतच होता. त्याच्या लेकीने, अक्षताने, काल तो स्वतः फायलीत लावला होता आणि आता ती शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने बापाकडे पाहिलं.

लवू लिफ्टचा मेकॅनिक. बोरिवली-दहिसरच्या टॉवरांमध्ये त्याची बावीस वर्षं गेली. लिफ्टच्या टपावर उभा राहून, पायाखाली वीस मजल्यांचा काळोख असताना हा माणूस बायकोला फोन लावून भाजी कुठली आणू विचारतो. पण कागदावर शिक्का दिसला की त्याची पाचावर धारण बसते. आज तर त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

अक्षताला फिजिओथेरपीला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक हे अंधेरीचं कॉलेज. इथली वर्षाची फी तीन लाख, पण राज्यातल्या रहिवासी मुलींना कॉलेजचा ट्रस्ट निम्मी माफ करायचा. ती घरून येऊन-जाऊन शिकणार, म्हणजे दीड लाखात वर्ष निभावलं. दुसरं कॉलेज मंगळुरूचं. त्यांना म्हणे बाहेरच्या राज्यांतली हुशार मुलं हवी होती, म्हणून ते फीत घसघशीत सूट देत होते. पण होस्टेल आणि मेस धरली की आकडा अडीच लाखांच्या घरात जायचा, आणि एखाद्या वर्षी मार्क पंच्याहत्तर टक्क्यांखाली आले की सूट बंद. दोघांनी जणू संगनमत करून मुदत एकच दिली होती, आज संध्याकाळी पाच.

यात विचार कसला करायचा? घरात कोणी केलाही नव्हता. लवूची बायको रत्नप्रभा तर चाळीत पेढे वाटून मोकळी झाली होती.

काल जेवणं झाल्यावर लवूने सवलतीच्या अटी वाचायला घेतल्या. शाळेचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जन्मदाखला यांतली माहिती एकच हवी, असं तिसऱ्या अटीत होतं. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ होतं पेडणे, गोवा. बाकीच्या दोन्ही कागदांवर पेंडूर, तालुका मालवण.

रत्नप्रभाचं माहेर पेडण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी ती गेली. पुढे दहिसरच्या शाळेत पोरीचं नाव घालताना क्लार्कने विचारलं, गाव कुठलं? मुंबईत कोकणातल्या माणसाला गाव विचारलं तर तो काय सांगणार? लवूने छाती फुगवून पेंडूर सांगितलं. क्लार्कने ते जन्मस्थळाच्या रकान्यात टाकलं आणि लवूने खाली सही ठोकली. अधिवासाचं प्रमाणपत्र काढून देणाऱ्या एजंटाने शाळेचाच दाखला जोडला. एका शब्दाने तेरा वर्षं कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

“ठीक आहे, हमीपत्र लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक छापील कागद सरकवला. दिलेली सगळी माहिती खरी आहे, महिन्याभरात जन्मदाखला आणून देतो, खोटं आढळल्यास सवलत रद्द आणि प्रवेशही रद्द.

सही केली की सुटलो, असं लवूला वाटलं. शेजारचा देवदत्त सकाळीच म्हणाला होता की गावात ओळख आहे, पाच-सात हजारांत पेंडूरचा जन्मदाखला निघेल, टेन्शन नको घेऊ. लवूने पेन उचललं. पण सहीतला ‘ल’ काही केल्या उमटेना. पेन चांगलं होतं, पण त्याने ते पुन्हा टेबलावर ठेवलं. पुढची चार वर्षं कॉलेजातून फोन आला की आपलं काय होईल, ते त्याला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

“जरा बाहेर जाऊन येतो,” तो पुटपुटला.

पॅसेजमध्ये त्याने अक्षताला सगळं सांगितलं, देवदत्तचंही. ती घाबरली. रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचा चेहरा पांढरा पडला. एक रात्रही ती कधी आईशिवाय राहिली नव्हती.

“नवीन प्रमाणपत्र काढलं तर?” तिने विचारलं.

“तीन आठवडे जातले गो बाय. आणि यादी आज बंद.”

तिने खिडकीतून खालच्या रिक्षांकडे पाहिलं.

“पप्पा, सही केलीत तर आपण घाबरतच राहू,” ती म्हणाली. “परीक्षेला बसले तरी वाटेल आता बोलावतील, मग बोलावतील. मला नाही जमणार यार असं.”

“मंगळुरूक ऱ्हवशीत एकटी?”

“नाही माहीत.” तिचे डोळे भरून आले. “पण तिथे तरी मी बाहेरचीच म्हणून जाईन ना. खोटं काही नाही त्यात.”

लवू एकटाच आत गेला. त्याने फाईल उघडून जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि दाखला मघापासून आपल्याकडेच होता हेही सांगून टाकलं. शर्मिष्ठा मॅडमनी तिन्ही कागद दोनदा वाचले. मग चष्मा काढून म्हणाल्या की महिन्यापूर्वी आला असतात तर सगळं दुरुस्त करून घेता आलं असतं, मुलगी तर इथलीच आहे. आज त्यांच्या हातात काही नव्हतं. पूर्ण फी भरून जागा मात्र मिळेल. लवूने हात जोडले आणि कागद उचलले.

चार वाजून चाळीस मिनिटांनी अक्षताने मोबाइलवर मंगळुरूचा फॉर्म भरला. बोट चुकेल म्हणून तिने प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटलं.

मग रत्नप्रभाला फोन लावणं आलं. ही गोष्ट लवूला सगळ्यात अवघड वाटत होती. त्याने एका दमात सांगितलं की जन्मदाखल्यावर पेडणे असल्यामुळे कागद जुळले नाहीत, सवलत गेली, पोर मंगळुरूला जातेय. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरीही झाली.

“मी बाळंतपणाक माहेराक गेलंय म्हणान झालां मां ह्यां?” रत्नप्रभाने हळूच विचारलं.

लवू भिंतीला टेकला.

“नाय गो,” तो म्हणाला. “तुझो काय्येक संबंध नाय. शाळेत मीच चुकीचा सांगलंय.” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि थंयचा कॉलेज ह्याच्यापेक्षा बरां आसा. मॅडमच म्हणाली.”

मॅडम असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. अक्षताने ते ऐकलं आणि तोंड फिरवून ती होस्टेलचे नियम वाचू लागली.